दोन दरबारांच्या मधला मुलूख

बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळच्या शिवारात अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडला जातो. शेतात गोल आखून त्याच्या कडेने अठरा प्रकारची धान्यं ठेवतात. मधोमध खड्डा, खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, ढेकळांवर पाण्याने भरलेली घागर आणि तिच्यावर पापड, भजी, वडा, सांडोई, कुरडई, पुरी, करंजी असा सरंजाम. पानाचा विडा म्हणजे राजा, सुपारी म्हणजे त्याची गादी, करंजी म्हणजे तिजोरी. रात्रभर त्या जागेकडे कोणी फिरकत नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी येऊन बघतात: कोणतं ढेकूळ भिजलं, कोणता दाणा जागचा हलला, विडा शाबूत आहे की नाही. त्यावरून पाऊसपाणी, पिकं आणि राज्याची स्थिती सांगितली जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी ही प्रथा घालून दिली, असं परंपरा मानते.

या भाकितांना विज्ञानाचा आधार नाही आणि ते स्पष्ट बोललंच पाहिजे. पेरणीचा निर्णय घागरीवर सोपवायचा नसतो. पण मांडणी म्हणून या घटाकडे पाहिलं तर थक्क व्हायला होतं. राजा, गादी, खजिना, चार महिन्यांचं आभाळ आणि अठरा पिकं, म्हणजे अख्खं राज्य, शेताच्या एका तुकड्यावर उभं केलेलं आहे. आणि एका रात्रीत त्याचं काय होईल हे मांडणाऱ्याच्याही हातात नाही.

युरोपात अशाच मांडणीतून एक खेळ जन्मला. प्रशियात फोन राइसवित्झ नावाच्या बापलेकांनी लष्करी अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ रचला. वडिलांनी १८१२ च्या सुमारास तो राजाला दाखवला, मुलाने १८२४ मध्ये त्याचे नियम छापले. नकाशा, लाल आणि निळ्या पलटणी, फासे, आणि दोन्ही बाजूंचे हुकूम ऐकून निकाल देणारा एक पंच. हा पंच फार महत्त्वाचा, कारण शत्रू नेमका कुठे आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असे. पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी पलटणीच्या जागी एकटा माणूस ठेवला. खेळाडूने सैन्य चालवायचं नाही, एक पात्र व्हायचं: त्याचं नाव, त्याची ताकद, त्याची भीती, त्याचं कर्ज. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला, पहिल्या खेपेला अवघ्या हजार प्रती छापून. पंचाचा सूत्रधार झाला, लढाईची मोहीम झाली आणि वीस बाजूंच्या फाशाने नशीब ठरू लागलं.

आज पुण्या-मुंबईतली मराठी मुलं मेजाभोवती बसून हा खेळ खेळतात तेव्हा त्यांच्या मोहिमांत बहुधा परदेशी किल्ले असतात, परदेशी खानावळी असतात, परदेशी चेटके असतात. त्यात गैर काही नाही. पण मोहीम रचायला जे जे लागतं ते सगळं एकट्या बुलढाणा जिल्ह्यात खच्चून भरलेलं आहे, आणि त्याचं कारण या जिल्ह्याच्या इतिहासातच सापडतं. अजिंठ्याची डोंगररांग या मुलखाचे दोन भाग करते: वर बालाघाट, खाली पूर्णेच्या खोऱ्यातला पयनघाट. बहमनी आणि फारुकी, निजामशाही आणि मुघल, हैदराबाद आणि नागपूर यांच्या सीमा इथेच पुढेमागे सरकत राहिल्या. राजधानी इथे कधीच नव्हती, पण राजधान्यांमधून निघालेल्या फौजा इथून जात. अशा मुलखातल्या माणसाला आज कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं, आणि पात्राचा खेळ रंगतो तो अशा ठरवण्यावरच.

मोताळा तालुक्यातलं रोहिणखेड घ्या. घाटाच्या पायथ्याचं हे गाव. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद याने खानदेशच्या नसीरखान फारुकीच्या मुलीशी लग्न केलं होतं. पुढे संगमेश्वरच्या राजाची मुलगी त्याच्या जनानखान्यात आली आणि सुलतानाचं मन तिकडे ओढलं गेलं. पहिल्या बेगमने बापाला तक्रार कळवली. बाप फौज घेऊन वऱ्हाडात उतरला. त्याच्यावर बहमनी सरदार खलफ हसन मलिक-उत्-तुज्जार धावून आला, रोहिणखेडला नसीरखानाचा मोड केला, पार बुऱ्हाणपुरापर्यंत त्याचा पाठलाग केला. १४३७ मध्ये नसीरखान मेला. ही हकिकत इतिहासकार फिरिश्त्याने नोंदवली आहे. यात सुलतान किंवा सेनापती व्हावं असं कोणाला वाटेलही, पण खरा रंगतदार माणूस तिसराच आहे: बिदरहून खानदेशात ती तक्रार घेऊन गेलेला. इतिहासात त्याचं नाव नाही. त्याने मजकूर वाचला होता का? घाट उतरताना त्याला कोणी अडवलं का? मजकूर कळला असता तर त्याने तो पोहोचवला असता का? एका रात्रीचा खेळ एवढ्यावर निभतो.

सिंदखेडराजाची मोहीम याहून कितीतरी मोठी. लखुजीराव जाधवांचं हे गाव. जिजाऊंचा जन्म इथला, १२ जानेवारी १५९८ चा. काळा कोट, साकरवाडा, रंगमहाल, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव ही तिथली ठिकाणं सूत्रधाराने नुसती नकाशावर टाकली तरी पुरे. बखरींतली रंगपंचमीची कथा प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. लहानग्या जिजाऊ आणि शहाजी एकमेकांवर रंग टाकत होते, लखुजीराव हसत म्हणून गेले की जोडा छान दिसतो, आणि मालोजीरावांनी भर बैठकीत उठून सोयरीक ठरल्याचं जाहीर केलं. कथा बखरीतली आहे, तशीच ती घ्यावी. पण थट्टेत निघालेला शब्द सभेपुढे वचन ठरतो आणि त्यातून दोन घराणी बांधली जातात, ही कल्पना कोणत्याही सूत्रधाराला हेवा वाटावा अशी आहे.

यानंतरचं सगळं कठोर आहे. निजामशाही दरबार सुटताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरला, धावपळीत जाधव आणि भोसले एकमेकांवर उलटले. लखुजीरावांचा मुलगा दत्ताजी पडला आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी पडले. जिजाऊंचं माहेर आणि सासर यांच्यामध्ये आता रक्त होतं. लखुजीराव निजामशाही सोडून मुघलांकडे गेले, पुन्हा परतले, आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेला भर दरबारात मुलांसह मारले गेले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला.

इथे एक मर्यादा पाळायला हवी. जिजाऊ किंवा शिवराय हे फाशावर चालवायचं पात्र नाही. त्यांच्याबद्दल माणसांच्या मनात जे आहे ते खेळापेक्षा मोठं आहे, आणि तसंही, ज्यांचं पुढचं आयुष्य सगळ्यांना पाठ आहे त्यांच्याकडून खेळात नवं काही घडत नाही. खेळाडूने व्हावं जाधवांच्या पागेतला मोतद्दार, दौलताबादेहून बातमी घेऊन निघालेला जासूद, साकरवाड्यातली जुनी दासी. दरबारात धनी पडला आहे, गावाला अजून कळलेलं नाही, मुघलांची ठाणी जवळ आहेत. सिंदखेडच्या वेशीवर पोहोचून पहिला शब्द कोणाच्या कानावर घालायचा, हा प्रश्न मेजाभोवती बसलेल्या पाच जणांना पहाटेपर्यंत जागं ठेवील.

त्याच तालुक्यात साखरखेर्डा आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजी इथे झालेल्या लढाईने दख्खनचा पुढचा सव्वादोनशे वर्षांचा नकाशा ठरला, तरी शाळेच्या पुस्तकातून गेलेल्या बहुतेकांना या गावाचं नाव आठवत नाही. निजाम-उल्-मुल्क दिल्लीची वजिरी करून कंटाळला होता आणि शिकारीचा बहाणा करून दख्खनकडे निघून आला होता. बादशहा मुहम्मदशहाने वरवर गोड बोलून आतून हैदराबादच्या सुभेदाराला, मुबारिझखानाला, कळवलं: निजामाला संपव, दख्खन तुझी. मुबारिझखान निघाला. निजामाला सुगावा लागला. मराठ्यांची फौज निजामाच्या मदतीला होती. साखरखेर्ड्याला मुबारिझखान आपल्या मुलांसह पडला. निजामाने त्याचं शिर दिल्लीला पाठवलं, बंडखोर मारल्याबद्दल बादशहाचं अभिनंदन करत. बादशहाला ते स्वीकारावं लागलं. पुढच्याच वर्षी त्याने निजामाला आसफजाह हा किताब दिला. गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा करण्यात आलं, पण लोकांच्या तोंडी साखरखेर्डाच राहिलं.

मोहीम म्हणून याला तोड नाही. बादशहाचं गुप्त फर्मान वाटेत आहे, निजामाचे हेर ते शोधत आहेत, मराठ्यांचा वकील दोन्ही छावण्यांत जाऊन भाव विचारतो आहे आणि गावात हरभऱ्याच्या पेरणीची वेळ झाली आहे. दोन्ही फौजांना वैरण हवी, दोन्हींना धान्य हवं, आणि पाटलाकडे एकच कोठार आहे. प्रशियाच्या अधिकाऱ्यांनी ही लढाई नकाशावर दोन पलटणींची म्हणून खेळली असती. १९७४ नंतरचा खेळ ती त्या पाटलाच्या ओसरीवरून खेळू देतो, आणि या नव्या खेळाचं मोठेपण नेमकं यात आहे.

या पाटलाची पुढची पिढीही सूत्रधाराने सोडू नये. अठराव्या शतकात वऱ्हाडात दुअंमल चालला: वसुलीत निजामाचा वाटा आणि नागपूरकर भोसल्यांचा वाटा. एका गावाला दोन धनी. ज्याच्या चावडीत दोघांचे कारकून येऊन बसतात असं पात्र घेतलं तर तलवारीची गरजच पडत नाही. हिशेबाची वही, आर्जव, थोडं खोटं आणि खूप धीर एवढीच त्याची हत्यारं.

आणि मग लोणार. बेसाल्टच्या थरात उल्केने पाडलेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्यात खारं पाणी, काठावर गोड्या पाण्याची धार, आत झाडीत लपलेलं कमळजा देवीचं मंदिर. गावात दैत्यसूदनाचं मंदिर आहे, त्यामागची कथा अशी: लवणासुर जमिनीखालच्या गुहेत राहून लोकांना छळी. विष्णू देखण्या तरुणाच्या रूपात आला, त्याने दैत्याच्या बहिणींना आपलंसं करून गुहेचा ठाव काढला, पायाच्या अंगठ्याने तिचं झाकण उडवलं आणि झोपलेल्या दैत्याला मारलं. वेषांतर, गुपित काढणं, भुयार, दैत्य: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी आयती मोहीम, आणि ती इथे कित्येक शतकं सांगितली जाते आहे.

पण लोणारचं कामकरी रूप दैत्यकथेपेक्षाही भुरळ घालतं. ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारची नोंद आहे: तीर्थ म्हणून, तसंच काच आणि साबणाला लागणारा माल देणारी जागा म्हणूनही. उन्हाळ्यात पाणी आटलं की माणसं चिखलात उतरून क्षार काढत. त्याच्या प्रती ठरलेल्या होत्या. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी त्यांची नावं. बांगड्यांची काच, साबण, रंगकाम यांसाठी हा माल दूरवर जाई. गुडघाभर खाऱ्या चिखलात उभी राहून कोणता थर डल्ला आणि कोणता भुसकी हे पायाने ओळखणारी बाई, हे पात्र कोणत्याही चेटकिणीइतकं समर्थ आहे. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी इथे आला आणि पाश्चात्त्य जगाला लोणारची नोंद मिळाली. हे ज्वालामुखीचं तोंड की उल्केचा आघात, हा वाद १९७३ च्या सुमारास खडकातल्या पुराव्यांनी मिटला. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं, कारण होतं खाऱ्या पाण्यातले सूक्ष्मजीव. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. रात्रीत गुलाबी होणारं सरोवर कोणी मोहिमेत घातलं असतं तर खेळाडूंनी सूत्रधाराला अतिशयोक्तीसाठी धारेवर धरलं असतं.

आजच्या काळातलं पात्रही जिल्ह्यात चालून आलेलं आहे, तेही चार पायांवर. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या उन्हाळ्याअखेर निघालेला एक तरुण वाघ विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगण तुडवत त्या डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातल्या रेडिओपट्ट्यावरून तोवर सुमारे १,३०० किलोमीटरची वाट नोंदली गेली होती. एकूण प्रवास ३,००० किलोमीटरच्या घरात गेला. शेतं, रस्ते, गावं ओलांडताना तो बहुतेक वेळ माणसांच्या नजरेआड राहिला. त्याच्या वाटेवरचं प्रत्येक गाव हे मोहिमेतलं एक मुक्कामाचं ठिकाण होऊ शकतं: पात्रं म्हणून एक वनरक्षक, एक मेंढपाळ, एक ऊसतोड जोडपं आणि गावचा उत्साही वार्ताहर पुरेत.

सोंग घेऊन दुसरा माणूस होणं मराठी मुलखाला नवं नाही. बहुरूपी गावात शिपाई होऊन यायचा, डॉक्टर होऊन यायचा, दारात उभा राहून दम द्यायचा आणि लोक हसून धान्य घालायचे. घरोघरची मुलं चिठ्ठ्या उचलून राजा, प्रधान, चोर, शिपाई होत आलीत. या तालमीवर वाढलेल्यांनी वीस बाजूंच्या फाशाला बिचकण्याचं कारण नाही.

फासा मिळाला नाही तरी घट आहेच. सूत्रधाराने खेळाच्या आदल्या रात्री परातीत माती पसरावी, चार ढेकळं, मूठभर धान्य, एक विडा, वर पाण्याचा गडवा मांडावा आणि सकाळी जसं दिसेल तसं त्या मोहिमेतलं हवामान आणि राजाचं बळ ठरवावं. भाकीत म्हणून नव्हे, खेळ म्हणून. बुलढाण्यातल्या इतिहासाच्या शिक्षकांनी तर हे एकदा वर्गात जरूर करून पाहावं: पाच मुलांना साखरखेर्ड्याची पाच माणसं करावं, निजामाचे स्वार पाटलाच्या दारात आणावेत आणि वैरण द्यायची की नाही ते मुलांवर सोडावं.