नहाणी ट्रॅप

वारज्याचं आमचं घर १९६० सालचं. मोरी स्वयंपाकघरात, न्हाणीघर मागे बंबाशेजारी आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. आईला आता रात्री तेवढं चालवत नाही, म्हणून तिच्या खोलीला लागूनच बाथरूम काढायचंय. खोलीत संडास ही कल्पनाच तिला सहन होत नाही.

तिचं चुकत नाही. पुण्याच्या वाड्यांत टोपलीचे संडास होते, तेव्हा ती घाण माणसं वाहून नेत. संडास लांब आणि ती माणसंही लांब! या प्रथेवर बंदीचा कायदा आला १९९३ साली. तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा.

वास अडवायचा उपाय मात्र जुनाच. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली वाकड्या नळीच्या संडासाचं पेटंट घेतलं. वाकात पाणी साचतं आणि गटाराचा वास तिथेच थांबतो. गंमत म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या अशाच भांड्याला आपले प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपली न्हाणी तेवढ्या नावात टिकून आहे.

असो. बजेटमध्ये ट्रॅप, उतार आणि धरायचा दांडा आधी लिहिलाय. टाइल्सचं नंतर बघू.