म्हाताऱ्या कुत्र्याचं दुखणं मोजायचं कसं?

पशुवैद्यकाच्या इतिहासावर पीएचडी करतेय म्हटलं की समोरचा हमखास घरच्या कुत्र्याचा विषय काढतो. बारा वर्षांचा झालाय, सकाळी उठताना मागचे पाय आखडतात, अमुक तेलाने मालीश केल्यापासून बराच फरक वाटतो. माझं काम या शेवटच्या दोन शब्दांवर आहे. ज्या रुग्णाला बोलता येत नाही, त्याला फरक पडला हे ठरवतं कोण?

सुरुवात घोड्यापासून करावी लागते. लंगडणारा घोडा म्हणजे थेट पैशाचं नुकसान, त्यामुळे पायाच्या दुखण्यांवरचं जुनं ज्ञान बरंचसं घोड्याभोवती जमलं. त्यातला एक मानाचा उपाय म्हणजे डागणी. आपल्याकडे बैलांना देतात तसाच डाग, तापलेल्या लोखंडाने, दुखऱ्या शिरेवरच्या कातडीला. आणि गंमत म्हणजे घोडे खरंच बरे होत! फक्त डाग दिल्यावर त्यांना कित्येक महिने कामाला जुंपत नसत. ब्रिस्टल विद्यापीठात इयन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी डाग दिलेले आणि न दिलेले पाय ताडून पाहिले. १९८३ साली निष्कर्ष छापून आला: डागण्याने फायदा होत नाही. इतकी वर्षं काम करत होती ती विश्रांती.

कुत्र्याच्या संधिवातात हा घोटाळा आणखी वाढतो. सांध्यातली कूर्चा झिजते, हाडांच्या कडा वाढतात, हे हळूहळू होत राहतं. पण दुखणं मात्र कधी चढतं, कधी उतरतं. आपण औषध शोधायला लागतो ते दुखणं चढलेलं असताना. मग काहीही दिलं, अगदी काहीच नाही दिलं, तरी पुढच्या आठवड्यात थोडं बरं दिसण्याची शक्यता असतेच. श्रेय मात्र तेलाला.

हे तपासायचं साधन म्हणजे बलमापक पट्टी. जमिनीत बसवलेल्या या पट्टीवरून कुत्रा चालला की प्रत्येक पायावर तो किती जोर देतो ते नोंदलं जातं. २०१२ साली अमेरिकेत कॉन्झेमियस आणि एव्हन्स यांनी ५८ लंगडणाऱ्या कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. या कुत्र्यांना एका चाचणीत औषध म्हणून नुसती पोकळ गोळी मिळाली होती. तरीही साधारण ४० टक्के वेळा मालकांनी दिलेला शेरा पट्टीच्या आकड्यांपेक्षा उजवा होता. मालकांचं समजू शकतो, जीव लावलेला असतो. पण पशुवैद्यांचीही गत जवळपास तीच!

आता ज्या प्रयोगासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे. १९८७ मध्ये अमेरिकेत कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या प्युरिना कंपनीने लॅब्रेडोरची ४८ पिल्लं घेतली. एकाच वेतातली, वजनाला सारखी अशी जोडी लावायची. जोडीतला एक जितकं खाईल त्याच्या ७५ टक्केच दुसऱ्याला द्यायचं. हे जन्मभर चाललं. पाचव्या वर्षी खुब्याचे एक्स-रे पाहिले, तर जास्त खाणाऱ्या २३पैकी १२ जणांना संधिवात होता आणि कमी खाणाऱ्या २३पैकी ३ जणांना. निम्म्या कुत्र्यांना संधिवातावर उपचारांची गरज पडली ती एका गटात १०.३ व्या वर्षी, दुसऱ्यात १३.३ व्या वर्षी. मध्यक आयुष्य ११.२ विरुद्ध १३ वर्षं. आणि लक्षात घ्या, जास्त खाणारे काही ढोल नव्हते. आपल्याकडे 'चांगला भरलाय' म्हणतील इतकेच जाड होते. खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच 'कमी घाला' हे सिद्ध करावं, हा योग इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार क्वचित मिळतो.

अर्थात हे एकाच जातीचे, संशोधनासाठी पाळलेले कुत्रे होते, आणि त्यांचा आहार पिल्लू असल्यापासूनच ठरलेला होता. आधीच आखडलेल्या म्हाताऱ्याचं वजन उतरवून काही होतं का? २००० साली ९ कुत्र्यांवर पाहिलं तेव्हा लंगडणं कमी झालं. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणजे वरची शंका शिल्लकच. २०१० साली मार्शल आणि सहकाऱ्यांनी १४ लठ्ठ कुत्रे १६ आठवडे आहारावर ठेवून चाल यंत्राने मोजली. वजन साधारण ६ टक्क्यांनी उतरल्यावर नुसत्या डोळ्यांना फरक दिसू लागला, ९ टक्क्यांच्या आसपास पट्टीवरही दिसला. ३५ किलोच्या लॅब्रेडोरमध्ये हे दोन-तीन किलो होतात, म्हणजे चहाबरोबरची बिस्किटं आणि जेवताना टाकलेली पोळी बंद केली तर आवाक्यातलं.

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेनसारखी वेदनाशामकं पट्टीच्या कसोटीला उतरलेली आहेत, ती पशुवैद्याने दिली तर जरूर द्यावीत. पोट, यकृत, मूत्रपिंड यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणून रक्ततपासणी सांगितली तर टाळू नका. घरातली माणसांची आयब्युप्रोफेनची गोळी मात्र अर्धीसुद्धा नको. तिने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आणि पशुवैद्याकडे जाताना, तो जिना चढतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ महिन्यातून एकदा, त्याच जिन्यावर घेतलेला, सोबत न्या. बलमापक पट्टी आपल्याकडे सहजी मिळत नाही, तोवर 'फरक वाटतो' यापेक्षा हा पुरावा बरा.