पेण आणि रोहा : गाव वाढतं म्हणजे काय वाढतं?

श्रोतेहो, राजधान्यांचे इतिहास आपण पुष्कळ वाचतो. पेण, रोहा अशा तालुक्याच्या गावांचा इतिहास गॅझेटियरच्या पानांत पडून राहतो. आज आपण एकच प्रश्न घेऊ : गाव वाढतं म्हणजे काय वाढतं?

ही दोन्ही गावं आधी पाण्यानं वाढवली. पेण भोगावतीकाठी, रोहा कुंडलिकेकाठी. भरतीबरोबर गलबतं खाडीतून आत यायची आणि भात, मीठ घेऊन मुंबईला जायची. पैलतीरावरची अष्टमी तर रोह्याशी इतकी जोडली गेली की नगरपरिषदेचं नावच रोहा-अष्टमी झालं.

इथल्या शेतीचं मर्म खारबंदिस्तीत आहे. बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमिनीतलं मीठ धुऊन जायला पावसाळे जावे लागतात. एकाच्या हलगर्जीपणानं साऱ्यांचं नुकसान! म्हणून बांध राखणं हे सगळ्यांचं काम. आमच्या मते, इथली माणसं सार्वजनिक जीवन शिकली ती या बांधावर.

पुढे वाट बदलली. मुंबई-गोवा रस्ता पेणवरून गेला, रोहा बाजूला राहिलं. पण १९८६ मध्ये रेल्वे रोह्याला पोचली आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे तिथूनच पुढे निघाली. शेजारी धाटावला रासायनिक कारखाने आले. रोजगार आला, आणि त्याबरोबर कुंडलिकेच्या पाण्याची काळजीही आली. पेणनं मात्र हातातली कला वाढवली. आज हमरापूर, जोहे या गावांतही घरोघरी गणपती घडतात आणि परदेशी जातात.

या सगळ्यात गावाला कुणी विचारलं होतं का? बहुतेक वेळा नाही. म्हणून २१ सप्टेंबर २००८ ही तारीख आम्हाला महत्त्वाची वाटते. महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही, यावर त्या दिवशी पेण तालुक्यातल्या बावीस गावांत सरकारनं शेतकऱ्यांचं मत घेतलं. हेटवणे धरणाचं पाणी शेताला मिळावं, असं शेतकऱ्यांचं म्हणणं होतं. सेझ काही झाला नाही.

याच तालुक्यातल्या गागोद्याला १८९५ मध्ये विनोबा जन्मले. पुढे त्यांनी जमीन मागितली, ती मालकाच्या राजीखुशीनं. मागणं आणि घेणं यातला फरक तो हाच.

तेव्हा मंडळी, घरं वाढतात, दुकानं वाढतात, ते मोजता येतं. पण आपल्या जमिनीचं आणि पाण्याचं काय करायचं हे ठरवण्याची गावाची ताकद वाढली का, हेही विचारायला हवं. ती वाढली नसेल तर वस्ती वाढली म्हणा, गाव वाढलं म्हणू नका.