सर्व्हरच्या लॉगमधून उत्तर शोधणारी तयार मॉड्यूल्स: फाइलबीट नेमके काय करते?

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, तिकीट काढताना पान मध्येच अडकते, खात्यातून पैसे जातात पण पावती येत नाही. अशा वेळी समाजमाध्यमांवर एकच प्रश्न फिरतो, ‘सर्व्हर डाउन आहे का?’ याचे उत्तर बहुतेक वेळा सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेले असते. अडचण असते ती लाखो ओळींमधून ते वेळेत शोधण्याची. या कामासाठी जगभर वापरले जाणारे एक साधन म्हणजे फाइलबीट आणि त्याच्यासोबत तयार मिळणारी मॉड्यूल्स.

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी

सर्व्हरवर काही घडले की त्याची एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते. हाच लॉग. इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमधली एक ओळ देवनागरीत लिहिली, तर साधारण अशी दिसेल:

२०३.०.११३.२५ - - [१२/जून/२०२४:११:०४:३७ +०५३०] "गेट /निकाल एचटीटीपी/१.१" ५०२ १५७ "-" "मोझिला/५.०, अँड्रॉइड"

सुरुवातीला पान मागणाऱ्याचा आयपी पत्ता आहे, मग तारीख आणि वेळ, मग मागितलेले पान. पुढचा ५०२ हा आकडा सर्व्हरचा निकाल सांगतो. २०० म्हणजे काम झाले, ४०४ म्हणजे पान सापडले नाही, तर ५०२ म्हणजे पुढचा सर्व्हर चालू आहे, पण त्याच्यामागे काम करणाऱ्या प्रोग्रामकडून त्याला नीट उत्तर मिळालेले नाही. म्हणजे ‘सर्व्हर डाउन’ हे उत्तर अर्धवट आहे, दुखणे मागच्या खोलीत आहे, एवढे या एका ओळीतून कळते.

मग अडचण कुठे येते?

संकेतस्थळ मोठे असले की सर्व्हर एक नसतो, दहा-वीस असतात. वेब सर्व्हरचा लॉग वेगळा, मायएसक्यूएल या डेटाबेसचा वेगळा, लिनक्सचा स्वतःचा वेगळा. प्रत्येकाची लिहिण्याची पद्धत निराळी. रोज ५० लाख वेळा पाने मागितली जात असतील आणि एक ओळ सरासरी २०० बाइटची असेल, तर फक्त वेब सर्व्हरचा लॉगच दिवसाला १ जीबी होतो. प्रत्येक यंत्रावर लॉग-इन करून हे वाचणे माणसाच्या आवाक्यातले काम नाही.

शिवाय लॉग सर्व्हरवरच राहिला, तर सर्व्हर बिघडल्यावर तोही हाती लागत नाही. आत शिरलेला हल्लेखोर तर आपल्या खुणा पुसण्यासाठी आधी लॉगच मिटवू पाहतो. म्हणून लॉग लिहिला जाताच त्याची प्रत दुसऱ्या, सुरक्षित ठिकाणी पोहोचवणे गरजेचे ठरते.

फाइलबीटचे काम

फाइलबीट हा इलॅस्टिक कंपनीचा, गो भाषेत लिहिलेला छोटा प्रोग्राम आहे. तो प्रत्येक सर्व्हरवर बसतो, लॉग फाइलवर नजर ठेवतो आणि नवी ओळ आली की ती इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राकडे पाठवतो. तिथे साठलेली माहिती किबाना या प्रोग्राममध्ये आलेख आणि तक्त्यांच्या रूपात पाहता येते.

कोणत्या फाइलमध्ये कुठपर्यंत वाचून झाले, याची खूण फाइलबीट स्वतःच्या नोंदवहीत ठेवतो. यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले, तरी तो तिथूनच पुढे वाचतो. पलीकडून पोच मिळाली नाही, तर तीच ओळ पुन्हा पाठवतो. त्यामुळे क्वचित एखादी नोंद दोनदा येऊ शकते. पण जुनी फाइल वाचून होण्याआधीच डिस्कवरून पुसली गेली, तर त्यातल्या ओळी मात्र जातात.

मॉड्यूलमध्ये काय काय असते?

ओळ जशीच्या तशी पाठवून भागत नाही. ‘गेल्या तासाभरात ५०२ किती वेळा आला?’ असे विचारायचे तर त्या ओळीचे तुकडे करून प्रत्येकाला नाव द्यावे लागते. पूर्वी प्रत्येक कंपनीतला तंत्रज्ञ हे नियम स्वतः लिहीत असे. इंजिनएक्सच्या लॉगची रचना तर सगळीकडे जवळपास सारखीच, मग तेच काम हजार ठिकाणी हजार वेळा का करायचे? या विचारातून २०१७ मध्ये, फाइलबीटच्या ५.३ या आवृत्तीपासून मॉड्यूल्स आली. सुरुवातीच्या मॉड्यूल्समध्ये अपाची, इंजिनएक्स, मायएसक्यूएल आणि लिनक्सचा सिस्टिम लॉग यांचा समावेश होता.

एका मॉड्यूलमध्ये चार गोष्टी बांधून दिलेल्या असतात.

१. पत्ता: त्या प्रोग्रामचा लॉग सहसा कोणत्या फोल्डरमध्ये असतो.

२. तुकडे पाडण्याचे नियम: ग्रॉक नावाच्या साच्यांनी ओळीतला आयपी पत्ता, वेळ, पान, निकालाचा आकडा वेगळा काढला जातो. आयपी पत्त्यावरून देश आणि शहराचा अंदाज जोडला जातो, ब्राउझर आणि मोबाइलचा प्रकार ओळखला जातो.

३. रकान्यांची नावे: अपाची असो वा इंजिनएक्स, पाहुण्याचा पत्ता एकाच नावाच्या रकान्यात जातो. ही सामाईक नावांची पद्धत २०१९ मध्ये ७.० या आवृत्तीपासून बीट्स कुटुंबात रुळली. यामुळे वेगवेगळ्या प्रोग्रामच्या नोंदी एकाच प्रश्नात शोधता येतात.

४. तयार डॅशबोर्ड: आलेख आणि नकाशे आधीच मांडून ठेवलेले असतात.

एका मॉड्यूलमध्ये लॉगच्या प्रकारानुसार उपविभागही असतात. इंजिनएक्समध्ये कोणी काय मागितले याचा एक आणि चुकांचा दुसरा. पहिल्यात ५०२ दिसला, तर दुसऱ्यात त्याच क्षणी ‘मागच्या प्रोग्रामने जोडणी नाकारली’ अशी कारणाची ओळ सापडू शकते.

मॉड्यूल सुरू कसे करतात?

मॉड्यूल सुरू करायला एक आज्ञा पुरते. त्यानंतर मॉड्यूलच्या फाइलमध्ये हवे ते उपविभाग चालू करायचे असतात. ८.० या आवृत्तीपासून ते मुळात बंद ठेवलेले असल्याने अनेक नवखे इथेच अडखळतात: मॉड्यूल चालू, पण माहिती शून्य. मग ‘सेटअप’ ही आज्ञा डॅशबोर्ड वगैरे चढवते आणि काम सुरू होते.

मूळ प्रोग्राम लॉग लिहितच नसेल, तर मॉड्यूल काही करू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते. मायएसक्यूएलचा ‘मंद प्रश्नांचा लॉग’ मुळात बंद असतो. चालू केला तरी १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणारेच प्रश्न तो टिपतो. संकेतस्थळासाठी ३ सेकंदही जास्तच, म्हणून ही मर्यादा खाली आणावी लागते.

तयार मॉड्यूल कुठे फसते?

मॉड्यूल चालते ते एका गृहीतावर: लॉगची रचना नेहमीचीच आहे. कुणी पान उघडायला लागलेला वेळ टिपण्यासाठी ओळीच्या मध्येच नवा आकडा घातला, की साचा जुळत नाही. फाइलबीट बंद पडत नाही, नोंदीही येत राहतात, पण त्या न तुटलेल्या ओळी असतात आणि सोबत चुकीचा शेरा असतो. डॅशबोर्डवर मात्र आलेख खाली आलेला दिसतो आणि पाहणाऱ्याला वाटते, गर्दी ओसरली. म्हणून चुकीचा शेरा असलेल्या नोंदी किती, हे अधूनमधून पाहणे आवश्यक असते.

दुसरा फटका वेळेचा. जुन्या पद्धतीच्या सिस्टिम लॉगमध्ये ना वर्ष लिहिलेले असते ना टाइम झोन. ‘जून १२, ११:०४:३७’ ही भारतीय वेळ जागतिक वेळ समजून साठवली गेली, तर मुंबईत बसलेल्या माणसाला तीच घटना दुपारी ४:३४ ला घडलेली दिसेल. साडेपाच तासांची ही चूक तपासात कोणी आधी काय केले याचा क्रमच उलटा करू शकते.

तिसरी गोष्ट पत्त्याची. संकेतस्थळाच्या पुढे दुसरा मध्यस्थ सर्व्हर असेल, तर लॉगमध्ये सगळे पाहुणे त्या एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. खरा पत्ता टिपण्याची सोय आधी वेब सर्व्हरमध्ये करावी लागते. आयपी पत्त्यावरून काढलेले शहरही अंदाजच असतो. मोबाइल नेटवरचा रत्नागिरीचा माणूस नकाशावर मुंबईत दिसू शकतो.

लॉग एकत्र असण्याचा फायदा: लॉगफोरशेल

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा प्रोग्रामच्या घटकातला गंभीर दोष जगासमोर आला. त्याचे नाव लॉगफोरशेल. हल्लेखोर ब्राउझरच्या नावाच्या जागी किंवा पानाच्या पत्त्यात ‘जेएनडीआय’ हा शब्द असलेला खास मजकूर पाठवत. तो मजकूर लॉगमध्ये लिहिताना दोष असलेला प्रोग्राम हल्लेखोराच्या सर्व्हरशी संपर्क साधत असे. जगभरातल्या तंत्रज्ञांपुढे तेव्हा एकच प्रश्न होता, ‘आपल्याकडे कोणी प्रयत्न केला का?’ ज्यांचे लॉग एका जागी आणि रकान्यांत होते, त्यांना तो शब्द सगळ्या सर्व्हरवर एकाच वेळी शोधता आला. बाकीच्यांना एकेक यंत्र उघडून पाहावे लागले. असा मजकूर सापडला म्हणजे हल्ला यशस्वी झालाच असे नव्हते, पण तपास कुठून सुरू करायचा हे कळत होते.

भारतात नियम काय सांगतो?

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे आहेत. ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या आहेत. यंत्रांची घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवण्याची सूचनाही त्यात आहे. वरच्या उदाहरणातला रोजचा १ जीबी लॉग १८० दिवसांत १८० जीबी होतो. त्यामुळे जुने लॉग स्वस्त डिस्कवर हलवण्याचे नियोजन पहिल्याच दिवशी करावे लागते.

सगळेच साठवायचे का?

३ मे २०१८ रोजी ट्विटरने जाहीर केले की एका चुकीमुळे वापरकर्त्यांचे पासवर्ड अंतर्गत लॉगमध्ये उघड्या स्वरूपात लिहिले जात होते. ते बाहेर गेल्याची चिन्हे नसल्याचे कंपनीने सांगितले, तरी खबरदारी म्हणून तेव्हाच्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना दिली. मॉड्यूल ओळीतली माहिती इमानदारीने पुढे नेते, मग ती पासवर्ड असो, ओटीपी असो वा मोबाइल नंबर. म्हणून असा मजकूर मुळात लॉगमध्ये न लिहिणे हा पहिला उपाय. तरीही येत असेल, तर सर्व्हरवरून निघण्यापूर्वीच तो रकाना गाळण्याची सोय फाइलबीटमध्ये आहे. साठवलेले लॉग कोण पाहू शकतो, हेही ठरवून द्यावे लागते.

पर्याय कोणते?

इलॅस्टिक आता नव्या कामांसाठी इलॅस्टिक एजंट आणि त्याची ‘इंटिग्रेशन्स’ पुढे करते. कल्पना तीच, फक्त अनेक सर्व्हरचे व्यवस्थापन एका पडद्यावरून होते. फ्लुएंट बिट आणि ओपनटेलिमेट्री हे मुक्त स्रोत पर्यायही लोकप्रिय आहेत. साधन कोणतेही निवडले, तरी बसवल्यावर एक छोटी चाचणी करावी: संकेतस्थळावर मुद्दाम नसलेले पान मागायचे आणि ती ४०४ ची नोंद योग्य वेळेसह, योग्य पत्त्यासह, योग्य रकान्यात पोहोचली का ते पाहायचे. ही चाचणी पाच मिनिटांत होते आणि गर्दीच्या दिवशी लॉगवर विश्वास ठेवता येईल का, हे आधीच कळते.