कुलूपबंद कागदांचे स्थलांतर

सॅम्युएल पीप्सची १६६० ते १६६९ या काळातील रोजनिशी थॉमस शेल्टनच्या लघुलिपीत लिहिलेली आहे. केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात ती जवळजवळ शतकभर न वाचता पडून होती. जॉन स्मिथ या तरुणाने १८१९ पासून सुमारे तीन वर्षे खपून तिचे लिप्यंतर केले. त्या लिपीचा उलगडा करणारे शेल्टनचे पुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात आहे, याची त्याला कल्पना नव्हती. कुलूप आणि किल्ली यांच्या अशा ताटातुटीला संगणकाच्या काळातही एक इतिहास आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनी तंत्रज्ञांवर सोपवून देऊ नये असे आम्हांस वाटते.

विंडोज २००० मध्ये फाइली कूटबद्ध करण्याची सोय आली. २००३ साली मॅकमध्ये 'फाइलव्हॉल्ट' आले. दोन्ही कुलुपे आपापल्या घरापुरती होती. घरी विंडोज, छापखान्यात मॅक आणि विद्यापीठात लिनक्स अशा त्रिस्थळी यात्रेत खाजगी पत्रे वा अप्रकाशित हस्तलिखित न्यायचे, तर ती उघडीच न्यावी लागत. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या 'ट्रूक्रिप्ट'ने ही अडचण हळूहळू दूर केली. पॉल ल रू याच्या 'ई४एम' या जुन्या प्रणालीवर ते बेतलेले होते. २००५ मध्ये ते लिनक्सवर आणि २००८ मध्ये मॅकवर पोहोचले. एकच फाइल म्हणजे एक पेटी. परवलीचा शब्द दिला की ती स्वतंत्र डिस्कसारखी उघडणार, आणि बाहेरून पाहणाऱ्यास केवळ अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसणार.

पेटी सर्वत्र उघडली, तरी आतली मांडणीही सर्वत्र वाचता यावी लागते. एनटीएफएस पद्धतीने मांडलेली पेटी मॅकवर वाचता येई, तीत लिहिता येत नसे. फॅट३२ घेतली तर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नसे. मराठी लेखकाची विटंबना याहून वेगळी होती. युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर, कुलूप काढूनही रोमन अक्षरांचा कडबोळा म्हणूनच दिसे. (हे कूट कोणी हेतुपुरस्सर रचलेले नव्हते, म्हणून त्याची किल्लीही कोणी जपली नाही.) परवलीचा शब्द देवनागरीत देण्याची सोय ट्रूक्रिप्टमध्ये नव्हती, ती त्याच्या वारसाने, 'व्हेराक्रिप्ट'ने, २०१६ मध्ये दिली.

ट्रूक्रिप्टचे कर्ते अखेरपर्यंत निनावी राहिले. २८ मे २०१४ रोजी त्यांच्या संकेतस्थळावर अचानक सूचना झळकली: ही प्रणाली वापरणे सुरक्षित नाही, विंडोजचे 'बिटलॉकर' वापरा. म्हणजे तीन घरांत फिरणाऱ्यास पुन्हा एका घरात परतण्याचा सल्ला! कारण पटण्याजोगे दिलेच नाही. त्याच सुमारास चाललेले स्वतंत्र परीक्षण २०१५ मध्ये पुरे झाले. त्यात काही दोष आढळले, पण मुद्दाम ठेवलेली चोरवाट सापडली नाही. निनावी कर्त्याच्या संहितेवर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, हा आपल्या परिचयाचा प्रश्न येथे पाठचिकित्सेनेच सोडवला गेला. कर्ता अज्ञात, पण संहिता सर्वांपुढे खुली होती.

मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या व्हेराक्रिप्टने पुढे वारसा चालवला आणि जुन्या पेट्याही काही वर्षे उघडून दिल्या. २०२३ मधील १.२६ आवृत्तीत मात्र ती सोय काढून टाकण्यात आली. आता २००६ सालची एखाद्या लेखकाची पेटी वारसांनी ग्रंथालयात आणून दिली, आणि परवलीचा शब्दही अचूक सांगितला, तरी आजचे व्हेराक्रिप्ट तिला ओळखत नाही. त्यासाठी ट्रूक्रिप्टचीच मागची आवृत्ती शोधावी लागते, किंवा लिनक्सवरील 'क्रिप्टसेटअप' हाताशी असावे लागते. पेटीच्या आरंभीचा शीर्षभाग बिघडला असेल आणि त्याची प्रतही उरली नसेल, तर शब्द ठाऊक असूनही काही हाती लागत नाही. कोणताही जॉन स्मिथ कितीही वर्षे खपला तरी.