साधनचालक आज्ञावली : कुलूपबंदी व व्यत्यय-हाताळणी

संगणकाची परिचालन प्रणाली आणि चुंबकीय तबकडीसारखे संचयन साधन यांच्यामध्ये राहून वाचन-लेखनाच्या मागण्या साधनापर्यंत पोहोचविणाऱ्या व त्या पूर्ण झाल्याचे प्रणालीस कळविणाऱ्या आज्ञावलीस साधनचालक किंवा ड्रायव्हर म्हणतात. काम संपताच साधन प्रक्रियकाचे लक्ष वेधण्यासाठी जो संकेत पाठविते, त्यास व्यत्यय किंवा इंटरप्ट ही संज्ञा आहे. सामाईक नोंदींवर एका वेळी एकाच कार्याचा अधिकार राखण्याच्या योजनेस कुलूपबंदी म्हणतात. या दोहोंच्या संयोगातून उद्‌भवणारे दोष शोधणे हा आज्ञावलीशास्त्रातील कठीण प्रश्नांपैकी एक होय.

महत्त्व : सातारा व सांगली हे सहकारी साखर कारखाने व सहकारी बँका यांचे जिल्हे आहेत. वजनकाट्यावर तोललेल्या उसाची नोंद आणि बँकेच्या खात्यातील जमा या आता संगणकात साठविल्या जातात. साधनचालकातील दोषामुळे एका मागणीचा मजकूर दुसरीच्या जागी लिहिला गेला, तर संगणक बंद न पडताही नोंद बिघडते. शेतकऱ्याच्या हातातील पावती आणि कारखान्याचा हिशेब यांत फरक पडतो. परंतु तो कोठून आला, हे हिशेबनिसास सहसा उमगत नाही. त्यामुळे बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असे चालू राहिलेले यंत्र अधिक घातक ठरते.

तत्त्व : पुणे–मिरज हा सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणारा लोहमार्ग दीर्घकाळ एकेरी होता. एकेरी मार्गावरील टोकन पद्धतीत दोन स्थानकांमधील टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघते व ते हाती असल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नाही. संगणकातील कुलूप हे असेच टोकन असते. मात्र दोन कार्यांनी एकेक कुलूप घेऊन परस्परांच्या कुलपाची वाट पाहिली, तर दोन्ही कायमची खोळंबतात. या कोंडीस आवश्यक असणाऱ्या चार अटी कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ मध्ये मांडल्या. सर्व कुलपे ठराविक क्रमानेच घ्यावीत, हा उपाय हॅवेंडर यांनी १९६८ मध्येच सांगितला होता.

इतिहास : आय. बी. एम. कंपनीचे पहिले तबकडी-साधन १९५६ मध्ये प्रचारात आले. त्यात ५० तबकड्या असून सु. ५० लक्ष अक्षरे मावत. तबकडीची हालचाल प्रक्रियकाच्या मानाने अतिशय मंद असल्याने वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचविण्यासाठी व्यत्ययाची योजना उपयुक्त ठरली. नेदर्लंड्समधील ‘एक्स-१’ या संगणकाची व्यत्यय-हाताळणी लिहिणारे एट्स्‌खर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांनी तिच्यातील धोका प्रारंभीच ओळखला. व्यत्यय कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. म्हणून एकदा दिसलेली चूक पुन्हा घडवून आणता येईलच असे नाही. त्यांनी १९५९ च्या आपल्या प्रबंधात हा विषय हाताळला आणि पुढे सेमाफोर ही संकल्पना मांडली. तिचे नावही लोहमार्गावरील संकेतदर्शकाचेच आहे.

१९७० नंतरच्या दशकातील यूनिक्स प्रणालीत तबकडीचा साधनचालक आपली मागण्यांची रांग बदलताना प्रक्रियकाची अग्रक्रम-पातळी वाढवून व्यत्यय थोपवून धरी. एकच प्रक्रियक असेपर्यंत हा उपाय पुरेसा होता. अनेक प्रक्रियकांचे संगणक आल्यावर मात्र एकाचे व्यत्यय थोपविल्याने दुसरा थांबेना. लिनक्स प्रणालीने १९९६ मध्ये अशा संगणकांसाठी संपूर्ण गाभ्यास एकच मोठे कुलूप लावले. पुढे ते टप्प्याटप्प्याने लहान कुलपांत विभागण्यात आले व २०११ मध्ये पूर्णपणे काढून टाकण्यात आले. कुलपे लहान झाल्याने वेग वाढला, तसेच चुकीला वावही वाढला.

दोषांचे प्रकार : पहिल्या प्रकारात साधनचालक कुलूप धरून असता त्याच प्रक्रियकावर व्यत्यय येतो व व्यत्यय-हाताळणीचा भाग तेच कुलूप मागतो. कुलूप सोडणारे कार्य थांबलेले व मागणारे कार्य सुटकेच्या प्रतीक्षेत, अशी स्थिती होऊन तो प्रक्रियक जागीच अडकतो. म्हणून असे कुलूप घेण्यापूर्वी त्या प्रक्रियकावरील व्यत्यय थोपविणे आवश्यक असते. दुसऱ्या प्रकारात तबकडीचे उत्तर वेळेत न आल्याने मुदतसमाप्तीची कार्यवाही सुरू होते आणि नेमक्या त्याच क्षणी पूर्ततेचा व्यत्ययही येतो. एकच मागणी दोनदा निकाली निघून तिची स्मृतीतील जागा दुसऱ्या कामास दिली जाते व मजकूर बिघडतो. तिसऱ्या प्रकारात साधनचालकाची पूर्वतयारी होण्याआधीच व्यत्यय स्वीकारला जातो.

दोषशोधन : या दोषांवर नेहमीच्या चाचण्या अपुऱ्या पडतात. तपासासाठी मध्ये घातलेली नोंद छापणारी आज्ञाही कालक्रम बदलते आणि दोष नाहीसा झाल्याचा भास होतो. महिनोन्‌महिने निर्वेध चाललेली आज्ञावली निर्दोष असेलच, असे म्हणता येत नाही. यामुळे दोष घडण्याची वाट न पाहता नियमभंग ओळखण्याकडे संशोधनाचा कल वळला. १९९७ मध्ये मांडलेल्या ‘इरेझर’ या साधनाने प्रत्येक सामाईक नोंद एखाद्या ठराविक कुलपाखालीच हाताळली जाते काय, हे तपासले. इंगो मोल्नार व आर्यन व्हान द व्हेन यांची ‘लॉकडेप’ ही योजना २००६ मध्ये लिनक्समध्ये आली. कुलपे कोणत्या क्रमाने व व्यत्यय चालू असता घेतली की बंद असता, याची ती नोंद ठेवते आणि प्रत्यक्ष कोंडी होण्यापूर्वीच विसंगती दाखविते. २०२० मध्ये ‘केसीसॅन’ या साधनाची तीत भर पडली. कुलपांची गरजच कमी करण्याचे प्रयत्नही झाले : २०११ च्या एनव्हीएमई मानकाने संचयन साधनास अनेक स्वतंत्र रांगा दिल्या व २०१४ पासून लिनक्समध्येही तशी रचना आली.

महाराष्ट्रातील स्थिती : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा बहुप्रक्रियक महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रक्रियकांची स्मृती स्वतंत्र असून ते संदेशांद्वारे संपर्क साधत. त्यामुळे सामाईक स्मृतीवरील कुलपांचा प्रश्न तेथे निराळ्या स्वरूपात होता. १९९० नंतर पुण्यात संचयनविषयक आज्ञावलींचा उद्योगही वाढला. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९४७) व कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) येथे संगणकविषयक शिक्षण मिळते. लिनक्सची मूळ आज्ञावली सर्वांना खुली असल्याने प्रत्यक्ष वापरातील साधनचालक व त्यातील दुरुस्त्यांचा इतिहास तेथील विद्यार्थ्यांनाही अभ्यासता येतो. स्वयंचलित तपासणी केवळ प्रत्यक्ष चाललेल्या मार्गांपुरतीच मर्यादित असल्याने कुलपांचा क्रम आधी ठरवून तो लिहून ठेवण्याची शिस्त आजही अनिवार्य मानली जाते.