दर्याच्या नारळाचा पत्ता

फकिराच्या हातातील काळे, होडीच्या आकाराचे भिक्षापात्र, म्हणजे कशकूल, आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. ते ज्या फळाच्या करवंटीचे करीत, त्याला आपल्याकडे 'दर्याचा नारळ' किंवा 'जहरी नारळ' म्हणतात. शतकानुशतके ही जोडफळे मालदीवच्या किनाऱ्याला लागत. झाड मात्र कोणी पाहिलेले नव्हते.

गार्सिया द ऑर्टा यांच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात, ही फळे समुद्रात बुडालेल्या भूमीवरील माडांची असावीत, असा समज नोंदलेला आहे. पुढे रुम्फियसने तर झाड समुद्रातच वाढते असे मानले. आज आपल्याला हसू येते. पण फळ नेहमी समुद्रातूनच मिळे आणि ज्ञात भूमीवर झाड नव्हते, हे पाहता तर्क अगदीच टाकाऊ नव्हता.

१७६८ साली एका फ्रेंच मोहिमेतील बारे या मोजणीदाराला सेशेल्सच्या प्रास्लिन बेटावर या झाडांचे रानच दिसले. पुढच्याच वर्षी जहाज भरून फळे हिंदुस्थानात आली आणि भाव कोसळला. 'लोडोइसिया मालदीविका' या शास्त्रीय नावात मात्र मालदीव तसाच राहिला.

गंमत पुढेच आहे. या फळाचे जिवंत बी पाण्यात बुडते! तरंगत येते ते आतून कुजून पोकळ झालेले, मेलेले. म्हणून हा वृक्ष समुद्र ओलांडून कोठेच रुजला नाही. नारळाशी त्याचे नाते दूरचे; जवळचे नाते ताडाशी. पंख्यासारखी पाने, नर-मादी झाडे वेगळी, कोवळ्या फळात ताडगोळ्यासारखा गर, ही खूण वर्गात ताडाच्या उदाहरणावरूनही दाखवता येईल.

वीसेक किलोपर्यंत भरणारे हे बी वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे. जमीन तर निकृष्ट. झाडाची प्रचंड पाने पन्हळीप्रमाणे पावसाचे पाणी, त्याबरोबर पराग आणि कुजकी पाने बुंध्याशी आणून सोडतात. बी आईपासून लांब जाऊच शकत नाही, पण आईने जमवलेल्या खतात आणि तिच्या सावलीत ते स्वतःच्या शिदोरीवर वाढते.

किनाऱ्यावरचे मेलेले बी उचलल्याने झाडाचे काहीच बिघडत नव्हते. पत्ता सापडल्यावर जिवंत फळे तोडली जाऊ लागली. आज हा वृक्ष नैसर्गिकरीत्या प्रास्लिन आणि शेजारच्या क्युरियुज या दोनच बेटांवर उरला असून, धोक्यातील जातींच्या यादीत आहे. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात.